लाकडातली पोकळी : सरस, लाख आणि आराल्डाइट

मावशीचा जुना तंबोरा माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या तबलीवर, घोडीपासून चार बोटांवर, लाकडातली एक गाठ निखळून पडलेली होती. वाटाण्याएवढे भोक. मी लाकडाचा भुसा फेव्हिकॉलमध्ये कालवला, भोक बुजवले, वाळल्यावर वरून काचकागद मारला आणि काम फत्ते झाल्याचे घरात जाहीर केले. दोन महिन्यांनी पाहते तो भरावाच्या जागी उथळ खळगा पडलेला आणि कडेने केसासारखी फट गेलेली. बहुवारिकांवर संशोधन करण्यात माझी पंधरा-वीस वर्षे गेली आहेत, तेव्हा हे कोणाला सांगण्यासारखे नव्हते. तंबोरा गुपचूप मिरजेला नेला.

मिरजेत तंतुवाद्ये बनवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी ती सुरू केली. मी ज्या वृद्ध कारागिरांकडे गेले त्यांनी माझा भराव पटाशीच्या टोकाने उकरून काढला, लाखेचा तुकडा तापल्या सळईने मऊ केला आणि भोकात दाबून बसवला. "ताई, जे वाळतं ते खाली बसतं. जे गोठतं ते तेवढंच राहतं," ते म्हणाले. सारे रसायनशास्त्र या दोन वाक्यांत आहे. वाद्य बनवणाऱ्यांनी लाकडातल्या पोकळ्या कशाने भरल्या याचा इतिहासही याच दोन वाक्यांभोवती फिरतो.

पोकळ्या येतात कुठून? वाद्याच्या तोंडाचे, म्हणजे ज्यावर घोडी बसते त्या पाटाचे, लाकूड शक्यतो सरळ रेषांचे निवडतात. व्हायोलिनला तेथे स्प्रूस लागतो. पाठीला आणि बाजूंना मात्र मॅपल लावतात आणि तोही पट्टेदार, वाघाच्या कातड्यासारखा. या मॅपलचे तंतू सरळ न जाता लाटेसारखे वळत जातात. काही झाडांच्या खोडावर मोठी गाठाळ आवाळूसारखी वाढ होते. तिच्यात असंख्य सुप्त अंकुर दाटीने असतात आणि त्यांना वळसे घालत तंतू वाढतात. अशा लाकडाची फळी कापली की नक्षी काढल्यासारखी दिसते. पण जिथे तंतू वळतात तिथेच सालीचे तुकडे आत अडकतात, गाठी सुटतात, चिरा राहतात. नक्षी आणि पोकळी ही एकाच वाढीची दोन अंगे. देखणे लाकूड हवे असेल तर भोकेही पदरात घ्यावी लागतात.

उत्तर इटलीतील क्रेमोना गावी सोळाव्या शतकात आन्द्रेआ आमाती आणि पुढे अन्तोनियो स्त्रादिवारी (मृत्यू 1737) यांनी व्हायोलिनला जे रूप दिले तेच आजही चालते. त्यांच्या हाताशी असलेला मुख्य चिकट पदार्थ म्हणजे सरस. जनावरांची कातडी आणि हाडे उकळून काढलेले हे प्रथिन. सांधे जोडण्यासाठी सरस अप्रतिम. पातळ थरात तो लाकडाइतकाच मजबूत होतो आणि ऊब व ओल दिली की सुटतो, त्यामुळे शंभर वर्षांनीसुद्धा व्हायोलिन उघडून आतून दुरुस्त करता येते. पोकळी भरायला मात्र तो कुचकामी. एक भाग कोरडा सरस दीड ते दोन भाग पाण्यात विरघळवतात. ते पाणी उडून गेले की भरलेल्या जागेचा जेमतेम एक तृतीयांश भाग उरतो. आकसताना तो कडांना केवढ्या जोराने ओढतो याचा पुरावा काचेच्या धंद्यात मिळतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दारांच्या काचांवर बर्फाच्या पानांसारखी नक्षी काढण्याची टूम निघाली होती. घासून खरखरीत केलेल्या काचेवर गरम सरस ओतायचा आणि वाळू द्यायचा. वाळता वाळता तो काचेचे पापुद्रे उपटून काढी! जो पदार्थ काच सोलतो तो लाकडाच्या भोकात स्वस्थ बसून राहील ही अपेक्षाच चुकीची. भुसा मिसळला की आकसणे कमी होते, थांबत नाही. माझा फेव्हिकॉलही याच जातीचा. 1959 साली तो बाजारात आला आणि आपल्याकडच्या सुतारांची सरसाच्या भांड्यातून सुटका झाली. पण त्यातही बहुवारिकाचे कण पाण्यातच तरंगत असतात आणि पाणी शेवटी जातेच.

म्हणून कुशल कारागीर पोकळीत सरस भरत नसत, लाकूडच भरत. भोक नीट कापून घ्यायचे, त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यातून रेषा जुळणारी गुटी काढायची आणि सरसाच्या पातळ थराने बसवायची. असे काम चांगले जमले तर वरून ओळखू येत नाही. आतून मात्र ओळखता येते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातले क्ष-किरणतज्ज्ञ स्टीव्हन सर हे हौशी व्हायोलिनवादक. 1989 साली त्यांनी सहज कुतूहलापोटी आपले व्हायोलिन रुग्णालयातील सी. टी. स्कॅनरमध्ये ठेवून पाहिले. पुढे जॉन वॉडल या वाद्यकारागिराबरोबर त्यांनी अनेक जुनी वाद्ये तपासली. वरून निर्दोष दिसणाऱ्या वाद्यांत किडीची भोके, हवेच्या फटी, बुजवलेल्या चिरा, सरसाचे आणि भरावाचे थर आढळले. लाकूड आणि भराव यांची घनता वेगळी असल्यामुळे चित्रात ते वेगळे उठून दिसतात.

आता लाखेकडे वळू. येथे इतिहासाचा धागा आपल्या दाराशी येतो. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता 1534 साली गोव्यात आला. 1563 साली गोव्यातच छापलेल्या त्याच्या औषधींवरील संवादग्रंथात लाखेवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. लाख मुंग्या तयार करतात अशी त्याची समजूत होती. ती चुकीची असली तरी हा झाडाचा डिंक नसून एका प्राण्याची करणी आहे हे त्याने बरोबर हेरले. लाखेच्या किड्याचे शास्त्रीय वर्णन जेम्स कर याने 1781 साली प्रसिद्ध केले आणि त्याचेच नाव आज त्या किड्याच्या प्रजातीला आहे : केरिया लॅका. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर हे किडे राहतात आणि स्वतःभोवती रेझिनचे कवच करतात. 1583 ते 1588 या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्स्कोटेन या डच माणसाने 1596 च्या आपल्या ग्रंथात लाखेचे कातकाम वर्णिले आहे. चरकावर फिरणाऱ्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते आणि लाकडाच्या चिरांत शिरून चिकटून बसते. सावंतवाडीला लाखकाम पाहिलेल्या वाचकांना हे वाचून नवल वाटणार नाही. लाखेत द्रावक नसतो, उडून जाण्यासारखे काही नसते. पंचाहत्तर-ऐंशी अंशांना ती वितळते आणि थंड होताना थोडीशीच आकसते. आमचे कारागीर "तेवढंच राहतं" म्हणाले ते तंतोतंत खरे नाही, पण दोन महिन्यांनी खळगा पडण्याइतके खोटेही नाही.

येथे एक गैरसमज दूर केलेला बरा. स्त्रादिवारीच्या वाद्यांच्या झिलईत काही गूढ पौर्वात्य द्रव्य होते असे वर्षानुवर्षे लिहिले गेले. 2009 साली पॅरिसमधील संशोधकांनी त्याच्या पाच वाद्यांवरील झिलईचे कण तपासले, तेव्हा निघाले ते जवसाचे तेल, सूचिपर्णी झाडांचे रेझिन आणि थोडी रंगद्रव्ये. लाखेचा युरोपीय वाद्यांवर खरा अंमल बसला तो एकोणिसाव्या शतकात, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याच्या 'फ्रेंच पॉलिश'मुळे, आणि तोही विशेषतः गिटारवर. गिटारच्या पाठीचे रोझवुड म्हणजे डोळ्यांना दिसतील एवढ्या छिद्रांचे लाकूड. या बारीक पोकळ्या भरण्याची युक्ती मला फार आवडते. प्यूमिस या ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाची पूड पॉलिशच्या बोळ्याबरोबर लाकडावर घासतात. पूड लाकडाचे सूक्ष्म कण खरवडते आणि ते कण, पूड आणि लाख असा गिलावा छिद्रांत बसतो. पूड पांढरी, मग छिद्रे पांढरी का दिसत नाहीत? कारण प्यूमिस ही काचच. तिचा अपवर्तनांक साधारण 1.5, लाखेचाही जवळपास तेवढाच. प्रकाशाला एकातून दुसऱ्यात जाताना वळावे लागत नाही, म्हणून पूड अदृश्य होते. काचेची कांडी ग्लिसरीनमध्ये बुडवली की दिसेनाशी होते, तो प्रयोग आपण वर्गात करतोच.

तिसरा मार्ग म्हणजे वाळणे नाही, गोठणे नाही, तर रासायनिक क्रियेने घट्ट होणे. स्विस रसायनज्ञ पिएर कास्तां दंतवैद्यकासाठी लागणाऱ्या पदार्थांवर काम करीत होता. 1938 साली त्याने इपॉक्सी रेझिनचे पेटंट मागितले आणि 1946 साली सीबा कंपनीने ते 'आराल्डाइट' नावाने बाजारात आणले. दोन नळ्यांतील द्रव एकत्र आले की रेणू रेणूला बांधला जातो. उडून जायला काहीच नसल्याने आकसणे अगदी कमी. दुसरा शोध सायनोअॅक्रिलेटचा. हॅरी कूव्हर यांना 1942 साली ते सापडले, पण सगळ्यालाच चिकटते म्हणून बाजूला ठेवले गेले. 1951 साली त्यांच्या प्रयोगशाळेत त्याने अपवर्तनमापकाचे महागडे लोलक एकमेकांना चिकटवून टाकले तेव्हा त्याची किंमत कळली. 1958 पासून ते विकले जाऊ लागले. हवेतल्या आणि लाकडातल्या ओलाव्याने ते क्षणात घट्ट होते. भुसा भरून वर थेंब टाकला की काम झाले. (कापसावर टाकू नये. तो इतका तापतो की धूर निघतो.)

एवढी साधने आल्यावर प्रश्न सुटायला हवा होता. तो सुटला नाही. भरावाने आवाज बिघडतो का? हिशेब करू. चार मिलिमीटर व्यासाचे, तीन मिलिमीटर खोल भोक म्हणजे सुमारे 38 घन मिलिमीटर. इपॉक्सीने भरले तर वजन 0.04 ग्रॅमच्या आसपास. व्हायोलिनची पाठ शंभर ग्रॅमच्या घरात असते. हा फरक कानाला कळणार नाही. शिवाय पाठीचा वाटाही मर्यादित. स्पेनच्या अन्तोनियो दे तोरेस या गिटारकाराने 1862 साली पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या करून गिटार बनवली. ती बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे. तोंडाच्या पाटाला किती महत्त्व आहे हे त्याला दाखवायचे होते. म्हणजे नक्षीदार लाकूड मुख्यतः डोळ्यांसाठी असते आणि खरी अडचण डोळ्यांचीच आहे.

पट्टेदार मॅपल हातात धरून हळूहळू कलता करा. उजळ पट्टे काळे होतात, काळे उजळतात. प्रत्येक लाटेतले तंतू वेगळ्या दिशेला वळलेले असल्यामुळे प्रकाश वेगवेगळ्या बाजूंना परततो. भुशाला दिशा नसते. तो त्याच फळीचा असला, रंग हुबेहूब जुळला, तरी त्यातले कण कसेही पडलेले असतात. भोवतालचे लाकूड हलत असते आणि भरावाचा ठिपका निश्चल बसलेला असतो. साध्या लाकडात जो भराव लपतो तो नक्षीदार लाकडात लपत नाही. रसायनशास्त्र आकसणे थांबवू शकते, तंतूंची दिशा परत आणू शकत नाही.

म्हणूनच आता गाठाळ लाकडाच्या गिटारी करणारे अनेक कारागीर लपवण्याचा नाद सोडून काळी इपॉक्सी भरतात. गाठ होती, पोकळी होती, ती भरली आहे, हे उघड दिसते. मला स्वतःला हे पटते. घेणाऱ्याला निर्दोष म्हणून विकलेला भरलेला पाट आणि भरलेला म्हणून विकलेला पाट यांत फरक आहे. लाकडी गुटीने रेषा जुळवणाऱ्याचे कौशल्य मोठे, पण त्यानेही ग्राहकाला ती जागा दाखवावी.

वर्गात हे पाहायचे असेल तर एका फळीत सारख्या खोलीचे तीन खळगे पाडा. एकात भुसा आणि फेव्हिकॉल, दुसऱ्यात वितळवलेली लाख (ती शिक्षकांनीच ओतावी), तिसऱ्यात आराल्डाइट काठोकाठ भरा. रोज मोजपट्टीची कड आडवी ठेवून खाली उजेड दिसतो का ते मुलांना नोंदवू द्या.

तंबोऱ्यावरची लाख तुनीच्या लाकडापेक्षा थोडी काळपट आहे. कारागिरांना मी विचारले, रंग जुळवता आला नसता का? "आला असता की," ते म्हणाले, "पण पुढं कुणी उघडलं तर त्याला कळायला नको, काय भरलंय ते?"