नानांचा ग्रायंडर

घरातल्या मंडळींना नानाकाकांचा असल्फ्याचा गाळा ठाऊक आहेच. इतरांसाठी सांगतो. अंधेरी-घाटकोपर लिंक रोडवर, जिथे 2014 पासून डोक्यावरून मेट्रो जाते, तिथून आत वळलं की पत्र्याच्या छपराच्या गाळ्यांची एक ओळ लागते. त्यातला एक आमचा. गेल्या वर्षी तो विकायला काढला. भाडेकरूने सामान हलवलं आणि कोपऱ्यात ताडपत्रीखाली पंचवीसेक वर्षं पडून असलेला सरफेस ग्रायंडर पुन्हा समोर आला.

भंगारवाला वजनावर भाव सांगून गेला. नाना आता शहाऐंशीचे आहेत. म्हणाले, "एकदा चालवून बघू. मग काय ते ठरवा."

ज्यांचा लोखंडाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: डाय, पंच वगैरे वस्तू कडक केल्यावर त्यांचा पृष्ठभाग आरशासारखा सपाट करायचं काम हे यंत्र करतं. टेबलावर लोहचुंबकाने वस्तू धरायची, टेबल मागेपुढे जातं आणि वर व्हील फिरत राहतं. व्हील ज्या दांड्यावर बसतं तो स्पिंडल. त्याच्या बेअरिंगमध्ये केसाच्या जाडीइतकीसुद्धा ढिलाई चालत नाही. झाली की वस्तूवर बारीक लहरी उमटतात. उजेडात तिरकं धरलं की दिसतात, आणि गिऱ्हाईक उजेडात तिरकंच धरतं!

नव्वदच्या दशकाच्या शेवटी नानांच्या कामावर अशाच लहरी दिसायला लागल्या. दोनदा माल परत आला. नानांनी व्हील बदललं, डायमंडने पुन्हा पुन्हा ड्रेस केलं, पट्टा बदलला. शेवटी म्हणाले, "माझी नजर गेली. हात गेला." आणि ग्रायंडिंगचं काम बंद केलं. घरात हे सगळ्यांनी मान्य केलं होतं. मीसुद्धा.

यंत्र इंग्लंडचं. नावाची पितळी पाटी कधीच गेली, बीडावर 'मेड इन इंग्लंड' एवढं शिल्लक आहे. नानांनी 1968 मध्ये ते तिसऱ्या हाताने घेतलं. आधीच्या मालकाने सांगितलं होतं की हा डिस्पोजलचा माल. म्हणजे महायुद्धानंतर सरकारने लष्कराचा उरलेला माल विकायला काढला, त्यातला. खरंखोटं कोण जाणे, पण काळाशी जुळतं. युद्धाच्या काळात यंत्रं इतकी दुर्मिळ होती की 1941 साली त्यांच्यावर सरकारी नियंत्रणाचा हुकूम निघाला. सिकंदराबादची प्रागा टूल्स 1943 ची, बंगळूरची एचएमटी 1953 ची. त्यांचा माल असल्फ्यासारख्या ठिकाणी परवडेपर्यंत पुष्कळ वर्षं जायची होती.

आणि काम तर भरपूर होतं. 1950 आणि 1957 मध्ये मुंबईची हद्द वाढत वाढत दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. आग्रा रोडला (म्हणजे आताचा लालबहादूर शास्त्री मार्ग) कुर्ल्याला प्रीमियर, विक्रोळीला गोदरेज, भांडुपला गेस्ट कीन विल्यम्स असे मोठे कारखाने होते. अशा कारखान्यांची किरकोळ कामं बाहेर पडत, ती गाळ्यांतून होत. जुनी परदेशी यंत्रं घेऊन बसलेली, आठवी-दहावी शिकलेली माणसं ती करत.

ही यंत्रं टिकली कशी, याचं उत्तर मला त्या बेअरिंगमध्ये सापडलं.

आपल्याकडे बॉल बेअरिंगचा कारखाना 1946 साली जयपूरला उभा राहिला, साठच्या दशकात पुण्याजवळ चिंचवडला एसकेएफ आली. पण ग्रायंडरच्या स्पिंडलला लागतं तसलं अतिअचूक बेअरिंग मागवायचं तर आयात परवाना आणि परकीय चलन हवं. गाळेवाल्याला ते कुठून मिळणार? नानांच्या यंत्रात मात्र बॉल नव्हतेच. नुसता गनमेटलचा बुश, बाहेरून निमुळता आणि एका बाजूला चिरलेला. नट आवळला की बुश खेचला जातो, थोडा मिटतो आणि झीज भरून निघते. फारच झिजला तर कुर्ल्याला ओतून आणायचा, गाळ्यातच बोअर करायचा.

पण फक्त बुश असून भागत नाही. त्याचं मर्म 1883 साली इंग्लंडात ब्यूचॅम्प टॉवर नावाच्या इंजिनियरला योगायोगाने कळलं. तो रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. बेअरिंगला वरून पाडलेल्या भोकातून तेल बाहेर यायला लागलं म्हणून त्याने बूच मारलं, तर ते उडालं. लाकडाची खुंटी ठोकली, तीही बाहेर! दाबमापक लावला तर काटा दर चौरस इंचाला 200 पौंडांच्या पुढे. फिरणारा आस स्वतःच तेल ओढून घेऊन त्याची पाचर करतो आणि त्या पाचरीवर तरंगतो. पुढे 1886 मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं. थोडक्यात, खरं बेअरिंग म्हणजे तेल. धातू नुसता सोबतीला.

असो. मुलुंडहून नानांचे जुने मिस्त्री आले. सत्तरी ओलांडलेले, पण पिशवीत स्क्रेपर होता. स्पिंडलच्या नाकाशी डायल लावला आणि खालून लाकडी दांड्याने हलकेच उचललं. काटा तीन रेघा हलला. म्हणजे तीस मायक्रॉन. "मालक, तुमच्या नजरेचा काय संबंध?" मिस्त्री म्हणाले.

उघडल्यावर त्यांनी टाकीतलं तेल दोन बोटांत चोळलं. "हे स्पिंडल ऑइल नाय. हे अडुसष्ट नंबर हायड्रॉलिक. कोणी घातलं?"

मी घातलं होतं.

कॉलेजच्या सुट्टीत मी गाळ्यावर बसायचो. स्पिंडल ऑइल संपलं होतं, नाना बाहेर गेले होते, शेजारी भरलेला डबा होता. तेल ते तेल. या बेअरिंगला जवळजवळ शिलाई मशीनच्या तेलासारखं पातळ तेल लागतं, हे मला कुठे माहीत! जाड तेलाने स्पिंडल तापायला लागला. तापतो म्हणून कोणीतरी नट सैल केला. जागा वाढली, स्पिंडल हिंदकळायला लागला, आणि लहरी आल्या. फेल्टचं सील कुजून ग्रायंडिंगची धूळ आत गेली, तिने उरलेलं केलं.

नाना तिथेच स्टुलावर होते. मी सांगून टाकलं. ते काही बोलले नाहीत. मिस्त्रींना म्हणाले, "ब्लू आणलाय का?"

पुढचे तीन दिवस मी मदतनीस. स्पिंडल बाहेर काढून वेगळा लॅप केला आणि रॉकेलने तीनतीनदा धुतला, कारण पेस्टचा एक कण गनमेटलमध्ये रुतला तर तो आयुष्यभर स्पिंडल खात बसतो. मग स्पिंडलला निळ्या रंगाचा अगदी पातळ हात, बुशात घालून फिरवायचा, काढायचा. जिथे निळं लागलं तो उंचवटा. तेवढाच स्क्रेपरने खरवडायचा. पुन्हा निळा, पुन्हा खरवड. सुरुवातीला दोन मोठे डाग होते, तिसऱ्या दिवशी सगळीकडे सारखे बारीक ठिपके. मिस्त्री दमले की नाना बुश हातात घेत. चष्मा कपाळावर सरकवून, डोळ्यांच्या अगदी जवळ धरून. हात थरथरत होता, पण बुशाला स्क्रेपर टेकला की थांबायचा.

नवीन फेल्ट, पातळ तेल, नट अंदाजाने आवळला. तासभर मोकळा चालवून हेडवर तळहात ठेवला. कोमट. पाव फेरा आणखी. मग एक तुकडा घेतला. नानांनी तो दारात नेऊन उजेडात तिरका धरला, बराच वेळ. नंतर माझ्या हातात दिला. लहरी नव्हत्या.

यंत्र वसईच्या एका टूलरूमला गेलं, भंगारापेक्षा बऱ्या भावाने. टेम्पो निघायच्या आधी नानांनी खडू मागितला, पण तो पुसला जाईल म्हणून मग ऑइल पेंट आणवला. तेलाच्या टाकीवर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: फक्त स्पिंडल ऑइल. ओळ थोडी वाकडी गेली.