पाण्यासाठी बांधलेला किल्ला

सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षी आपल्या मंडळाच्या जुन्या वास्तूचे पुढे काय करावे, हा प्रश्न कार्यकारिणीसमोर आहे. ती पाडून नवी इमारत उभारावी, असे काही सभासदांचे मत आहे. तर तिच्यातच तरुणांसाठी व्यायामशाळा आणि खेळाचे दालन करावे, असे काहींना वाटते. या वादाचा निकाल देण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकास अर्थातच नाही. मात्र लंडनच्या उत्तर भागातील एका इमारतीचा इतिहास या निमित्ताने वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

तेथील स्टोक न्यूइंग्टन भागात, ग्रीन लेन्स नावाच्या हमरस्त्यावर, एक किल्ला उभा आहे. त्याला बुरूज आहेत, माथ्यावर चर्या आहेत. किल्ला म्हटला की तेथे कोणती लढाई झाली, असे मराठी माणूस आधी विचारतो. येथे लढाई कधीच झाली नाही. कारण हा किल्ला म्हणजे पाणी उपसण्याचे यंत्रघर होय!

लंडनला हर्टफर्डशरमधील झऱ्यांचे पाणी १६१३ पासून ‘न्यू रिव्हर’ या कालव्याने मिळत असे. एकोणिसाव्या शतकात पटकीच्या साथींनी शहराची दैना उडवली, आणि घरगुती वापराचे पाणी गाळूनच पुरवावे, अशी सक्ती १८५२ च्या कायद्याने पाणीकंपन्यांवर आली. गाळलेले पाणी उंचावरील वस्त्यांना चढवावयाचे तर वाफेची अवजड यंत्रे हवीत, आणि यंत्रे आली की धुराडे आले. भोवतालची वस्ती सुखवस्तू होती. तिला असले कुरूप शेजारी नको होते, असे सांगतात. तेव्हा कंपनीचा अभियंता विल्यम चॅडवेल माइल्न (त्याच्या नावातील ‘चॅडवेल’ हे या कालव्याला पाणी देणाऱ्या एका झऱ्याचेच नाव) आणि स्कॉटलंडच्या जुन्या गढ्यांवर सचित्र ग्रंथ सिद्ध करणारा रॉबर्ट बिलिंग्ज या दोघांनी १८५० नंतरच्या त्या दशकात यंत्रघराला स्कॉटिश किल्ल्याचा पेहराव चढवला. एका बुरुजात धुराडे दडवले, दुसऱ्यात पाण्याचा उभा नळ, तिसऱ्यात गोल जिना. बाहेरून तटाला टेकू वाटणाऱ्या जाड आधारभिंतींत वस्तुतः यंत्रांची प्रचंड चाके फिरत होती. लोकांच्या तक्रारीतून असे सोंग उभे राहावे, हे मला मोठे गमतीचे वाटते.

कालांतराने वाफेची यंत्रे गेली, पाण्याची व्यवस्था बदलली, आणि १९७१ मध्ये इमारत पाडण्याचा बेत पुढे आला. आता मात्र शेजारी तिच्या बाजूने उठले. ज्या वस्तीच्या आजोबा-पणजोबांना यंत्रघर डोळ्यांसमोर नको होते, तिलाच त्याचे सोंग प्रिय झाले होते! १९७४ मध्ये तिला संरक्षित वास्तूंच्या यादीत दुसऱ्या श्रेणीतील तारांकित स्थान मिळाले. अशा वास्तूत परवानगीवाचून महत्त्वाचा फेरफार करता येत नाही.

तथापि, यादीत नाव गेल्याने वास्तूला अभय मिळते, अन्न मिळत नाही. छप्पर गळते, आणि दुरुस्तीचा खर्च द्यावयास कोणी नसते. या किल्ल्यात राहावयाचे तरी कोणी? घरे किंवा कचेऱ्या करावयाच्या तर उंच यंत्रदालनात मजले घालावे लागणार, म्हणजे आतला विस्तारच नाहीसा होणार. ज्याला उंच भिंती आणि वर मोकळी जागा हवी, असाच भाडेकरू हवा होता. तो मिळाला प्रस्तरारोहणाच्या रूपाने. १९९५ साली तेथे आरोहणाचे केंद्र सुरू झाले. ज्या पोकळीत यंत्रे होती तेथे कृत्रिम कडे उभे राहिले, आणि सपाट लंडनमधील मुलेमुली दोर बांधून त्यांवर चढू लागली. सह्याद्रीत वाढलेल्यांना हे कडे लुटुपुटीचे वाटतील. परंतु याच कृत्रिम कड्यांवरचा खेळ टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, प्रथमच खेळला गेला.

योगायोग असा की, त्याच १९९५ साली मुंबईत वारसा-वास्तूंच्या संरक्षणाचे नियम लागू झाले. भारतात तशा प्रकारचे ते पहिलेच. किल्ल्याशेजारचे १८३३ चे दोन जलाशयही टिकले. एकावर शिडाच्या होड्या चालू लागल्या. दुसरा २०१६ पासून पाणपक्ष्यांचे अभयस्थान म्हणून लोकांना खुला झाला.

आता आपल्या वास्तूकडे वळू. बॅडमिंटनचे मैदान ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद असते. लांबी-रुंदीचा प्रश्न आपल्याकडे नाही. परंतु फूल उंच उडते, आणि आपल्या सभागृहाच्या आडव्या तुळया जमिनीपासून किती उंचीवर आहेत, हे गेल्या दोन सभांत कोणीच सांगू शकले नाही. पुढील सभेपूर्वी कोणीतरी शिडी आणि टेप घेऊन ती उंची मोजावी, एवढी विनंती आहे.