हृदयतालदोष

हृदयाच्या ठोक्यांची गती, क्रम किंवा नियमितपणा बिघडण्याच्या अवस्थेस हृदयतालदोष असे म्हणतात. यालाच अतालता असेही नाव असून वैद्यकीय व्यवहारात 'अ‍ॅरिदमिया' हा शब्द रूढ आहे. विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढ व्यक्तीच्या हृदयाचे मिनिटाला साधारणतः ६० ते १०० ठोके पडतात. झोपेत किंवा नियमित व्यायाम करणाऱ्यांमध्ये ते ६० पेक्षा कमी असू शकतात. तो दोष नव्हे. काही तालदोष निरुपद्रवी असतात, काहींमुळे पक्षाघात संभवतो, तर काहींमुळे अवघ्या काही मिनिटांत मृत्यू ओढवतो. म्हणून तालदोष नेमका कोणत्या प्रकारचा आहे, हे ओळखण्याला सर्वाधिक महत्त्व आहे.

हृदयाची विद्युतयंत्रणा

हृदयाला दोन अलिंदे व दोन निलये असे चार कप्पे असतात. उजव्या अलिंदाच्या भिंतीतील सायनस नोड या पेशीसमूहात प्रत्येक ठोक्याचा विद्युतसंदेश उगम पावतो. तो अलिंदांमधून पसरत अलिंद व निलय यांच्या सीमेवरील दुसऱ्या गाठीत येतो, तेथे क्षणभर थांबतो आणि मग तंतूंच्या जाळ्यातून निलयांत पोहोचतो. या क्षणभराच्या विलंबामुळे निलये रक्ताने भरण्यास अवधी मिळतो. सीमेवरील गाठीचे वर्णन सुनाओ तावारा यांनी १९०६ मध्ये, तर सायनस नोडचे वर्णन आर्थर कीथ व मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. संदेशाचा उगम चुकला, वाट अडली किंवा तो एखाद्या वर्तुळात फिरत राहिला की तालदोष निर्माण होतो.

प्रमुख प्रकार

जादा ठोके : नियमित ठोक्यांच्या मध्येच एखादा ठोका लवकर पडतो व नंतर क्षणभर खंड पडल्यासारखे वाटते. निरोगी व्यक्तींमध्येही असे ठोके आढळतात.

अलिंदजन्य शीघ्रगती : ठोके अचानक १५० किंवा त्याहून अधिक होतात व तितक्याच अचानक पूर्ववत होतात. हा प्रकार तरुण वयातही आढळतो.

अलिंद विकंपन : अलिंदे आकुंचन न पावता थरथरत राहतात व नाडी पूर्णतः अनियमित होते. अलिंदात रक्त साचून गुठळी होऊ शकते. ती मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. हा धोका या रुग्णांत सुमारे पाचपट असतो.

मंदगती व हृदयरोध : संदेश निर्माण होत नाही किंवा निलयांपर्यंत पोहोचत नाही. चक्कर व बेशुद्धी ही याची मुख्य लक्षणे होत.

निलय शीघ्रगती व निलय विकंपन : हे सर्वांत घातक प्रकार आहेत. निलय विकंपनात रक्ताभिसरण जवळजवळ थांबते.

कारणे

हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार, उच्च रक्तदाब, हृदयस्नायूंची दुर्बलता, झडपांचे आजार, थायरॉइडचे विकार, रक्तातील पोटॅशियमचे असंतुलन, मद्यपान व झोपेतील श्वासरोध ही प्रमुख कारणे होत. काही दोष आनुवंशिक असतात. भारतात लहानपणीच्या संधिवाताच्या तापामुळे झडप अरुंद होऊन तुलनेने कमी वयात अलिंद विकंपन झालेले रुग्णही आढळतात. पिवळ्या कण्हेरीच्या बिया पोटात गेल्यास हृदयाची गती धोकादायकरीत्या मंदावते.

निदान

नाडी पाहण्याची परंपरा भारतात जुनी असून शार्ङ्गधरसंहितेत नाडीपरीक्षेचे वर्णन आहे. मनगटावरील नाडीवरून अनियमितता लक्षात येते. तथापि तिचा प्रकार ठरविण्यासाठी विद्युतहृदयालेख, म्हणजे ईसीजी, आवश्यक असतो. या तंत्राच्या शोधाबद्दल विलेम आइंटहोव्हेन यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तालदोष येऊन-जाऊन होत असल्यास ईसीजी निर्दोष येऊ शकतो. अशा वेळी २४ तास किंवा अधिक काळ अंगावर बाळगावयाचे होल्टर यंत्र वापरतात. त्रास होत असतानाच काढलेला ईसीजी निदानास सर्वाधिक उपयुक्त ठरतो. म्हणून रुग्णाने जुने आलेख जपून ठेवणे हिताचे असते.

उपचार

निरुपद्रवी जादा ठोक्यांना बहुधा औषधाची गरज नसते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कास्ट' या अभ्यासात हृदयविकाराच्या झटक्यानंतर जादा ठोके दाबण्यासाठी दिलेल्या काही औषधांमुळे मृत्यू वाढल्याचे दिसून आले. ठोके कमी करणे म्हणजे रुग्णाला वाचविणे नव्हे, हा धडा त्यातून मिळाला.

अलिंदजन्य शीघ्रगतीत जोराने कुंथण्याची विशिष्ट पद्धत उपयोगी पडते. १५ सेकंद कुंथून लगेच आडवे होणे व पाय वर उचलून धरणे या सुधारित पद्धतीने सुमारे ४३ टक्के रुग्णांचा ताल पूर्ववत झाल्याचे २०१५ मधील एका अभ्यासात आढळले. जुन्या पद्धतीत हे प्रमाण १७ टक्के होते. ही कृती प्रथम डॉक्टरांकडून शिकून घ्यावी लागते. वारंवार होणाऱ्या त्रासावर, शिरेतून सूक्ष्म नळी नेऊन दोषी ऊतक निकामी करण्याचा अ‍ॅब्लेशन हा उपाय आहे.

अलिंद विकंपनात गती आटोक्यात ठेवणे व गुठळी रोखणे ही दोन उद्दिष्टे असतात. गुठळीरोधक औषधांपैकी वॉरफरीनसाठी 'आयएनआर' ही रक्ततपासणी नियमित करावी लागते. नव्या औषधांना तिची गरज नसते. परंतु संधिवाताच्या तापामुळे झडप बरीच अरुंद झालेल्या रुग्णांत वॉरफरीनच अधिक योग्य मानले जाते.

मंदगतीवर पेसमेकर बसवितात. शरीरात पूर्णतः बसविलेला पहिला पेसमेकर १९५८ मध्ये स्वीडनमधील आर्ने लार्सन यांना लावण्यात आला; ते त्यानंतर २००१ पर्यंत जगले. घातक शीघ्रगतीचा धोका असलेल्यांना विद्युतधक्का देणारे डिफिब्रिलेटर यंत्र छातीत बसवितात. त्याचे पहिले मानवी रोपण १९८० मध्ये झाले.

दैनंदिन जीवन

बरे वाटू लागले म्हणून औषध स्वतःहून बंद करणे धोक्याचे असते. कारण पक्षाघाताचा धोका लक्षणांवर अवलंबून नसतो. वॉरफरीन घेणाऱ्यांनी मेथी, पालक, कोथिंबीर अशा पालेभाज्या वर्ज्य करण्याची गरज नाही. मात्र त्यांचे प्रमाण रोज साधारण सारखे असावे. वेदनाशामक गोळ्यांमुळे रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून त्या विचारूनच घ्याव्यात. लघवी वाढविणारी औषधे चालू असताना निर्जळी उपवास, जुलाब किंवा उलट्या झाल्यास पोटॅशियम घटून ताल बिघडू शकतो.

पेसमेकर असलेल्यांना मिक्सर, दूरदर्शन संच इत्यादी घरगुती उपकरणे वापरता येतात. मोबाइल यंत्रापासून सुमारे १५ सेंटिमीटर दूर ठेवावा, वरच्या खिशात ठेवू नये. यंत्राचे ओळखपत्र नेहमी जवळ असावे व एमआरआयपूर्वी त्याची माहिती द्यावी. डिफिब्रिलेटरचा एकच धक्का बसून नंतर बरे वाटत असल्यास डॉक्टरांना कळवावे. लागोपाठ धक्के बसल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. पुढच्या धक्क्याची भीती व त्यामुळे घराबाहेर पडणे टाळणे हे अनेक रुग्णांत दिसते. त्यासाठी समुपदेशन उपचाराचाच भाग मानले जाते.

व्यक्ती अचानक कोसळून प्रतिसाद देत नसेल व श्वास नेहमीसारखा नसेल, तर १०८ क्रमांकावर कळवून छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब देत राहावे.

महाराष्ट्रातील परिस्थिती

कोकणात विंचूदंशाने हृदयावर होणारा आघात हे मृत्यूचे मोठे कारण होते. रायगड जिल्ह्यातील महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा वापर करून हे मृत्यू मोठ्या प्रमाणात कमी करता येतात हे दाखविले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

यंत्रांची किंमत ही मोठी अडचण आहे. परदेशात वापरून काढलेली १०६ डिफिब्रिलेटर यंत्रे निर्जंतुक करून मुंबईतील ८१ गरजू रुग्णांना बसविल्याचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जंतुसंसर्ग आढळला नाही. राज्य शासनाची २०१२ मध्ये सुरू झालेली व २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जन आरोग्य योजना पात्र कुटुंबांच्या हृदयोपचारांचा खर्च उचलते.

नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय असून शहरातील विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात हृदयविकारांवर उपचार होतात. तथापि सुरगाणा, पेठ अशा डोंगराळ तालुक्यांतील रुग्णाला विशेषोपचारांसाठी शहर गाठावे लागते. आयएनआर तपासणी वारंवार करावयाची असल्याने त्यात प्रवासखर्च व बुडालेली मजुरी यांची भर पडते. तपासणी चुकली तर औषध कमी पडून गुठळी होते किंवा जास्त होऊन रक्तस्राव होतो. त्यामुळे गावाजवळील आरोग्य केंद्रात नाडीतपासणी, ईसीजी व रक्ततपासणी उपलब्ध असणे हे अशा रुग्णांच्या दृष्टीने औषधाइतकेच महत्त्वाचे ठरते.