वारसावास्तू, परवानगी आणि प्रतीक्षा

मंदिर उभारण्याचा संकल्प झाला की निधी, शिल्पी आणि मुहूर्त यांची चर्चा प्रथम होते. शासकीय परवानगीचा विचार बहुधा मागाहून येतो. परंतु ज्या जागेत पूर्वीपासून एखादी संरक्षित वास्तू उभी आहे, तेथे ‘परवानगीला किती काळ लागेल?’ हाच पहिला प्रश्न ठरतो. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी सागरापार गेलेल्या आपल्या बांधवांच्या एका कार्याच्या निमित्ताने या प्रश्नाचा इतिहास पाहणे उचित ठरेल.

हालार प्रांतातून पूर्व आफ्रिकेत आणि तेथून इंग्लंडमध्ये स्थिरावलेल्या ओशवाल समाजाने लंडनच्या उत्तरेस पॉटर्स बार येथे 1980 साली विस्तीर्ण जागा घेतली. त्या आवारात हूक हाउस हा एकोणिसाव्या शतकातील वाडा असून तो संरक्षित वास्तूंच्या यादीत आहे. त्याच आवारात 2005 साली शिखरबंद देरासर उभे राहिले. मधली पंचवीस वर्षे केवळ परवानगीत गेली असे म्हणता येणार नाही. मात्र जुन्या वाड्याचा मान राखूनच तेथे नवे काही उभारता येते, हे निश्चित.

ब्रिटनमध्ये 1882 च्या कायद्याने प्रथम मुख्यतः प्रागैतिहासिक स्मारकांना संरक्षण दिले. पुढे 1947 च्या नगररचना कायद्याने कोणत्याही नव्या बांधकामास परवानगी आवश्यक केली आणि ऐतिहासिक वास्तूंच्या यादीची पद्धत रूढ केली. आज इंग्लंडमध्ये 1990 चा कायदा लागू आहे. त्यानुसार यादीतील वास्तूचे स्वरूप बदलणाऱ्या कामास नगररचना परवानगीखेरीज स्वतंत्र संमती लागते. वास्तूच्या आवारात 1 जुलै 1948 पूर्वीपासून असलेली भिंत, फाटक वा तबेलाही त्या संरक्षणात येऊ शकतो. संमतीविना केलेले काम हा फौजदारी गुन्हा आहे.

कायद्यातील मुदत मात्र आश्चर्य वाटावे इतकी अल्प आहे. साधारण अर्जावर 8 आठवड्यांत, तर मोठ्या बांधकामाच्या अर्जावर 13 आठवड्यांत निर्णय अपेक्षित असतो. निर्णय न झाल्यास अर्जदार अपील करू शकतो; परंतु परस्परसंमतीने मुदत वाढवण्याचीच प्रथा अधिक. खरा काळ जातो तो अर्जापूर्वी. वास्तूचे महत्त्व सांगणारा अहवाल, मोजमापांचे नकाशे, अधिकाऱ्यांशी पूर्वचर्चा आणि शेजाऱ्यांचे समाधान या गोष्टींची घाई केली, तर नकार पदरी पडून सारे पुन्हा आरंभापासून करावे लागते.

आपल्या देशातील चित्रही फारसे निराळे नाही. केंद्रसंरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध असून त्यापुढील 200 मीटर क्षेत्र नियंत्रित आहे. 1958 च्या कायद्यात 2010 साली झालेल्या सुधारणेने मुदती ठरवून दिल्या: सक्षम अधिकाऱ्याने 15 दिवसांत अर्ज राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवावा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत अभिप्राय द्यावा आणि त्यानंतर एका महिन्यात निर्णय व्हावा. म्हणजे कागदावर साडेतीन महिने. येथेही अपुरा अर्ज हाच विलंबाचा मोठा मित्र होय.

आपल्या परंपरेत नूतन मंदिराच्या निर्मितीइतकेच, किंबहुना त्याहूनही अधिक, जीर्णोद्धाराचे पुण्य मानले आहे. पूर्वजांनी उभारलेले जपण्याची ही भावना आणि वारसा कायद्याचा हेतू यांत विरोध नाही. म्हणून भावी कार्यकारिणीने नव्या वास्तूचा संकल्प करताना जागेचे जुने दस्तऐवज, छायाचित्रे आणि नकाशे प्रथम एकत्र करावेत. ज्याने पूर्वतयारीत एक वर्ष वेचले, त्याची पुढील अनेक वर्षे वाचतात. गेल्या पन्नास वर्षांत आपल्या न्यासाने संयमाने जे मिळवले, ते पुढील पिढीनेही त्याच संयमाने वृद्धिंगत करावे, हीच या शुभप्रसंगी सदिच्छा. जय जिनेंद्र!