देहाचा दोष कुणी ठरवला? : बीड जिल्ह्याच्या इतिहासातील एक पान



स्मरणिका म्हटली की सत्याग्रहांचा, परिषदांचा इतिहास येतो. यावेळी आम्ही शरीराचा इतिहास लिहायला घेतला आहे. विषय अवघड आहे. घरात चारचौघं बसलेली असताना मोठ्याने वाचायला संकोच वाटेल. पण याच संकोचाची किंमत आपल्या आया-बहिणींनी मोजली आहे, म्हणून लिहितो.

रंग काळा, बांधा ठेंगणा, दात पुढे, पाय वाकडा. आपल्यात काय उणं आहे हे लहानपणी आपल्याला दुसऱ्याच्या तोंडूनच कळतं. आपल्या समाजाला तर पिढ्यानपिढ्या सांगितलं गेलं की तुमचं अख्खं शरीरच विटाळ आहे. सावलीसुद्धा. बाईच्या अंगावरचं लुगडं आणि दागिनेसुद्धा लांबून जात ओळखू यावी असेच.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेब खास स्त्रियांशी बोलले, ते याच गोष्टीवर. लुगडं नेसण्याची पद्धत बदला, गळ्या-हातातले ते ओळखीचे दागिने उतरवा, मुलींना शिकवा, असं त्यांनी सांगितलं. आणि बायांनी तिथंच लुगडी नेसण्याची तऱ्हा बदलली. वरवर पाहता ही कपड्याची गोष्ट. पण ज्या शरीराची लाज वाटायची सवय लावली होती, ते शरीर बायांनी त्या दिवशी आपलं म्हटलं, असं आम्हाला वाटतं. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे १९८९ चं पुस्तक ज्यांच्या घरी असेल, त्यांनी सुनांना, लेकींना जरूर वाचायला द्यावं.

दुसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणाचा लाभ देणारं विधेयक आलं, त्याला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. बाईच्या श्रमाचा फायदा मालक घेतो, तेव्हा तिच्या बाळंतपणाचा भारही त्याने आणि सरकारने उचलावा, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ साली कायदा झाला. म्हणजे बाईचं शरीर जसं आहे तसं धरूनच कामाचे नियम झाले पाहिजेत. कामासाठी बाईने शरीर बदलायचं नाही.

आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तो कायदा मुंबई इलाख्यातल्या कारखान्यांपुरता होता, आपल्याकडे आला नाही. आणि आला असता तरी उसाच्या फडात पोचला नसता.

फडाचा हिशेब आपल्या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायला नको. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक, जिथं कारखाना तिथं कोपी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस असेल तर अर्धा कोयता. भाषाच बघा, माणूस कुठं राहिलाच नाही! आजारपणाने दिवस बुडाला की खाडा. त्याचा दंड उचलीच्या खात्यावर चढतो. २०१९ च्या बातम्यांमध्ये दिवसाला पाचशे रुपये असा आकडा आला होता. कोपीजवळ संडास नाही, न्हाणी नाही. पाळीच्या दिवसांतही डोक्यावर मोळी घेऊन ट्रकवर चढायचं. मग अंगावर पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं सुरू होतं. हे बहुतेक वेळा औषधाने बरं होणारं दुखणं आहे. पण बाई दवाखान्यात गेली की ऐकते, पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल, काढून टाका. घरीही कुणी म्हणतं, दोन-तीन लेकरं झाली, आता काय करायची ती?

२०१९ साली हा प्रकार देशभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. दर सहा बायांमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायांमध्ये देशाचं हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. आणि बहुतेक शस्त्रक्रिया खाजगी दवाखान्यांत, कर्ज काढून केलेल्या. म्हणजे खाडा चुकवण्यासाठी पिशवी काढली, आणि ते कर्ज फेडायला पुन्हा उचल.

पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर पंचविशी-तिशीतच पाळी जाण्याचा काळ येतो. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडं ठिसूळ होतात. नुसती पिशवी काढली तरी पुष्कळदा तो काळ लवकर येतो. दोष शरीरात कधी नव्हताच. जिथं बाईला आडोसा नाही आणि एक दिवस टेकायची मुभा नाही, त्या फडात तो होता.

आपल्यातही कुणी म्हणतं, ‘धम्मातसुद्धा देह अशुचीच सांगितला आहे.’ हे अर्धवट ऐकलेलं आहे. केस, नखं, रक्त, हाडं ही बत्तीस अंगं राजाचीही तीच आणि मोळी वाहणारीचीही तीच. तिथं कुणा एकीचा देह हलका ठरवलेला नाही.

उलट खुज्जुत्तरेची गोष्ट पाहा. खुज्ज म्हणजे कुबडी. व्यंगावरूनच तिचं नाव पडलं. कोसंबीच्या उदेन राजाची राणी सामावती, तिची ही दासी. अट्ठकथेत आहे की फुलांसाठी मिळालेल्या आठ नाण्यांतली चार ती रोज स्वतःकडे ठेवायची. फुलं आणायला गेली असता तिने बुद्धांचा उपदेश ऐकला, त्या दिवशी आठही नाण्यांची फुलं आणली आणि राणीला खरं सांगून टाकलं. पुढं राणीसह महालातल्या सगळ्या बाया तिच्यापुढं बसून धम्म ऐकू लागल्या. बहुश्रुत उपासिकांमध्ये अग्र, असा तिचा मान अंगुत्तर निकायात आहे. इतिवुत्तक तिच्याच ऐकण्यातून आपल्यापर्यंत आलं असं परंपरा मानते. तिची पाठ सरळ झाली, असं कुठं सांगितलेलं नाही. तशी गरजही कुणाला वाटलेली दिसत नाही.

ज्यांची पिशवी आधीच निघाली आहे त्या बहिणींना आमचं सांगणं, तुम्ही अर्ध्या झालेल्या नाहीत. कंबर दुखते, दम लागतो, तर हाडांची आणि रक्तदाबाची तपासणी करून घ्या, ‘आता असंच चालायचं’ म्हणून बसू नका. आणि ज्यांना कुणी पिशवी काढायला सांगेल त्यांनी आधी बीडचा जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय गाठून दुसरं मत घ्यावं. २०१९ नंतर खाजगी दवाखान्यांना या शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला सांगितलं गेलं. तो कागद मागून पाहावा.

धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला की गाड्या भरायला लागतात. तपासणी त्याच्या आधी व्हायला हवी.