फडताळ, जाळीचे कपाट आणि आलमारी

'कपाट' हा शब्द मूळचा कपाटाचा नाहीच. संस्कृतात कपाट म्हणजे दाराची फळी. भिंतीतल्या कोनाड्याला दार बसले आणि हळूहळू दाराचे नाव आतल्या जागेलाही पडले. आपण भिलाईकर मंडळी हिंदीच्या सहवासाने 'आलमारी' म्हणतो, तो शब्द पोर्तुगीज 'आर्मारियो'वरून आलेला आहे. संदूक अरबी, तर मांदूस संस्कृत मंजूषेची लेक. वस्तू ठेवण्याच्या साध्या गोष्टीत किती देशांचे पाणी मिसळले आहे, हे पाहून मौज वाटते.

गेल्या काही वर्षांत टाऊनशिपमधले क्वार्टर सोडून जुनवानी, स्मृतीनगरकडे राहायला आलेल्या कुटुंबांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो : जुने कपाट ठेवायचे की काढायचे? दुसरीकडे, तरुण मंडळी नव्या घरासाठी मुद्दाम 'अँटिक' कपाट शोधत असतात. दोघांच्याही उपयोगी पडेल म्हणून हा लेख. मी लाकडाचा व्यापारी नाही. रेल्वेत रुळांच्या देखभालीचे काम करतो. पण स्लीपरमुळे लाकडाशी आणि रुळांमुळे पोलादाशी संबंध आला, तेवढ्या भांडवलावर लिहीत आहे.

आपल्या जुन्या वाड्यांत फर्निचर म्हणावे असे फार कमी होते. भिंती दोन-अडीच फूट जाड, त्यामुळे सामानाची सोय भिंतीतच. उघडा तो कोनाडा, दिव्यापुरती ती दिवळी आणि दार लावलेले ते फडताळ. लोणच्याच्या बरण्या, पोथ्या, औषधे सगळे फडताळात. हलवता येईल असे सामान म्हणजे पेटारा आणि पितळी पट्ट्यांची पेटी. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या वाड्यांचे कोरीव दरवाजे आणि बायकांच्या फणी-करंड्याच्या पेट्या आहेत, त्या जरूर पाहाव्यात. दिनकर केळकरांनी 1920 च्या सुमारास जमवायला सुरुवात केलेला हा संग्रह 1975 मध्ये महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. वाडे पाडले जात होते तेव्हा लोक ज्याला अडगळ म्हणत, ती त्यांनी गोळा केली. छत्तीसगडात मराठी माणूस आला तो भोसल्यांच्या काळात. 1741 मध्ये भास्करपंतांची स्वारी रतनपुरावर झाली आणि 1758 पासून बिंबाजी भोसले तिथे राहून कारभार पाहू लागले. त्या लोकांचे सामान बैलगाडीवरून यायचे, म्हणून पेटाराच सोयीचा.

उभे, पायांचे, आरशाचे लाकडी कपाट आपल्या मध्यमवर्गीय घरात आले ते इंग्रजी अमदानीत आणि आपल्या भागात तर रेल्वेमुळेच. नागपूर-छत्तीसगड रेल्वेची मीटरगेज लाईन ताब्यात घेण्यासाठी 1887 मध्ये बंगाल नागपूर रेल्वे स्थापन झाली. तिची ऑफिसे, बंगले, वेटिंग रूम यांसाठी सागवानी सामान बनू लागले आणि साहेबाच्या बंगल्यात पाहिलेला नमुना सुताराकडून घरासाठी करून घेण्याची पद्धत पडली. जुन्या बाजारात एखाद्या कपाटावर किंवा कुलुपावर 'बी.एन.आर.' ही अक्षरे दिसली तर वस्तू 1952 च्या आधीची समजावी. कारण त्या वर्षी एप्रिलमध्ये ते नाव गेले, पूर्व रेल्वे झाली, 1955 मध्ये दक्षिण-पूर्व आणि 2003 मध्ये आपली दक्षिण-पूर्व-मध्य. (अर्थात अक्षरे आजही कोरता येतात, हे ध्यानात ठेवावे.)

त्याच काळातले स्वयंपाकघरातले जाळीचे कपाट आठवते का? साहेबाने ते मांस ठेवण्यासाठी काढले. आपल्या शाकाहारी आज्यांनी त्यात बिनदिक्कत दूध, तूप, दही ठेवले! चारही पाय पाण्याच्या वाट्यांत, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. फ्रिज आला आणि ते पहिले भंगारात गेले. आता मुले तेच पुस्तकांसाठी शोधत फिरतात.

लाकडाविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण फसवणूक इथेच होते. प्रत्येक विकणारा 'बर्मा टीक' म्हणतो. ब्रह्मदेशाचे सागवान भरपूर येत होते हे खरे. मुंबईच्या वॉलेस बंधूंची बॉम्बे बर्मा कंपनी 1863 ची. पण 1942 मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतल्यावर तो ओघ थांबला आणि सुतारांची भिस्त आपल्याच सागवानावर आली. नागपूरपासून आपल्यापर्यंतच्या घरांतले पुष्कळसे कपाट चांदा-आलापल्लीच्या रानातल्या सागाचे असते. त्यात कमीपणा काही नाही. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 मध्ये सागवान गेले ते बल्लारपूरहूनच.

सागवान घनफुटाला साधारण अठरा किलो भरते, साल त्याहून बरेच जड. सहा फूट उंच, साडेतीन फूट रुंद कपाटात पाऊण इंची फळ्या धरल्या तर सहा घनफूट लाकूड लागते, म्हणजे शंभर किलोच्या पुढे वजन. दोन माणसांनी सहज उचलले तर आत प्लायवूड आहे असे समजा. मग कपाट भिंतीपासून ओढून मागची बाजू बघावी. पुढून सगळेच सुंदर असते. हाताच्या करवतीच्या रेघा सरळ पण वेड्यावाकड्या अंतरावर असतात, गोल करवतीच्या मशीनच्या रेघा कमानीसारख्या. खण बाहेर काढून कोपरा पाहावा. हाताने केलेल्या सांध्यातले दात लहान-मोठे असतात, मशीनचे सगळे सारखे. अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेला स्क्रू 1930 च्या दशकात निघाला, त्यामुळे 'आजोबांच्या आजोबांचे' म्हणून विकल्या जाणाऱ्या कपाटात तो मूळचा असू शकत नाही. पॉलिशची परीक्षा सोपी. आडबाजूला कापसाने स्पिरिट लावा. बोटाला चिकट लागले तर लाखेचे, म्हणजे चपड्याचे जुने पॉलिश. काहीच झाले नाही तर बहुधा अलीकडचे मेलामाईन वगैरे. आणि ही लाख आपल्याच छत्तीसगडच्या पळस-कुसुमाच्या झाडांवरची असण्याचा संभव मोठा. बारीक भोकांखाली ताजा, पिठासारखा भुसा पडलेला दिसला तर किडा आत जिवंत आहे. तसे कपाट फुकटही घेऊ नये, घरातले बाकीचे लाकूड धोक्यात येते.

हे सगळे आमच्याच घरी उपयोगी पडले. माझे आजोबा गोंदियाला रेल्वेत होते. त्यांचे सागवानी कपाट आजीमागे नागपूरच्या घरात राहिले होते. घर रिकामे करायची वेळ आली तेव्हा एका व्यापाऱ्याने 'सौ साल पुराना, अंग्रेजों के जमाने का' म्हणून भली मोठी रक्कम सांगितली. थोरले काका म्हणाले, विकून तिन्ही भावंडांत पैसे वाटून टाकू. आत्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांच्या लग्नातला शालू त्याच कपाटातून निघाला होता, एवढे मात्र एकदा म्हणाल्या. दोन दिवस घरात जेवताना कोणी कोणाशी धड बोलेना. मी बॅटरी घेऊन मागच्या फळ्या पाहिल्या. मशीनच्या कमानी, सांध्यातले दात सारखे, लाकूड आपल्याकडचे. कपाट 1950 च्या आसपासचे. काकांना तसे सांगितले. व्यापाऱ्यालाही दाखवले, तेव्हा त्याची रक्कम पाव झाली. तेवढ्यासाठी विकायला काकांचेही मन होईना. कपाट टेम्पोने दुर्गला आत्यांकडे आले. भाडे काकांनी दिले आणि आत्यांनी ते परत करू पाहिले, तर रागावले.

कायद्यानेही 'पुरावस्तू' म्हणजे निदान शंभर वर्षांची वस्तू. 1972 चा कायदा 1976 पासून लागू आहे आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी मुलाकडे पाठवू पाहणाऱ्यांनी हे आधी तपासावे. पन्नास-साठ वर्षांच्या वस्तूला 'व्हिंटेज' म्हणा, अँटिक नव्हे.

राहिली लोखंडी आलमारी. आर्देशीर गोदरेज यांनी 1897 मध्ये मुंबईत कुलुपे करायला सुरुवात केली, 1902 मध्ये तिजोऱ्या, आणि 1923 मध्ये पोलादी कपाटे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या लाखो मतपेट्याही त्यांच्याच विक्रोळीच्या कारखान्यात झाल्या. पुढे गल्लोगल्ली फॅब्रिकेशनवाल्यांनी तसाच नमुना काढला आणि लोक सगळ्यांनाच 'गोदरेज' म्हणू लागले. आपल्याकडे अनेकांची समजूत असते की घरची आलमारी भिलाईच्या पोलादाची आहे. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते आपली पहिली झोतभट्टी सुरू झाली, पण भिलाईचे काम रूळ, गर्डर, सळ्या आणि जाड प्लेटांचे. आलमारीचा पातळ पत्रा राउरकेला-बोकारोसारख्या कारखान्यांत होतो. आपले पोलाद आलमारीत नसले तरी ज्या रुळांवरून ती आली, ते आपले असतील!

जुनी लोखंडी आलमारी घेताना खिशात लोहचुंबक ठेवावे. तळाशी, पायांजवळ फिरवावे. जिथे पकड ढिली पडते तिथे गंजावर पुट्टी भरून रंग मारलेला असतो. हँडल फिरवताना वरचा आणि खालचा दांडा एकदम सरकला पाहिजे.

एक इशारा मात्र माझ्या खात्यापुरता. जुन्या स्लीपरच्या लाकडाचे कपाट, टेबल करण्याची हौस वाढली आहे. सालाचे स्लीपर उत्तम लाकूड खरे, पण चीड-देवदाराच्या पुष्कळ स्लीपरना क्रिओसोट पाजलेले असते. डांबरासारखा वास येत असेल तर तसे लाकूड कपडे, धान्य किंवा मुलांच्या वस्तूंजवळ नको. रंधा मारून वास गेला तरी आतपर्यंत मुरलेले तेल उन्हाळ्यात पुन्हा वर येते.