जंबूकाका आणि जाळ्यातली पाखरं

पुण्यात लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिरलं की जुन्या प्रभात स्टुडिओच्या खुणा अजून दिसतात. कोल्हापूरहून 1933 मध्ये पुण्याला आलेल्या 'प्रभात'चं नाव निघालं की लोक 'कुंकू', 'माणूस', 'संत तुकाराम' आठवतात. याच कंपनीने 1934 च्या सुमारास 'जंबूकाका' नावाचा एक छोटा कार्टूनपट केला होता, तो फारसा कुणाला आठवत नाही. जंबूक म्हणजे कोल्हा. म्हणजे भारतातल्या अगदी सुरुवातीच्या कार्टूनपटांपैकी एकाचा नायक पुण्याचा कोल्हा!

हाताने कार्टून काढणं म्हणजे काय, हे जरा हिशोबाने बघा. पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटी टिकवलं तरी सेकंदाला 12 चित्रं लागतात. सात मिनिटांच्या फिल्मला पाच हजारांच्या वर. मागचं झाड, घर, डोंगर एकदाच रंगवायचे आणि त्यावर पारदर्शक पत्र्यांवरची पात्रं बदलत जायची. पैसा आणि माणसं कमी असली की चित्रं वाचवावी लागतात. मग पात्रं मधूनमधून थांबतात, नुसती पापणी हलते, झाड निवांत उभं राहतं. या फिल्म्समधला संथपणा बराचसा असा काटकसरीतून आलेला आहे. मला तो आवडतो. आजची कार्टून्स मुलांच्या अंगावर धावून येतात. ही शेजारी बसतात.

'प्रभात'च्या कलाविभागाचे प्रमुख शेख फत्तेलाल. सगळे त्यांना साहेबमामा म्हणत. बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेला हा चित्रकार. विष्णुपंत दामल्यांबरोबर त्यांनी 'संत तुकाराम' (1936) दिग्दर्शित केला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. साहेबमामांचं नाव घेतलं की हमखास ऐकायला मिळतं, "अच्छा, मुसलमान होते?" आपल्यातलेही काही जण हे नाव एखाद्या प्रमाणपत्रासारखं खिशात बाळगतात. मला दोन्ही खटकतं. देहूचं घर कसं दिसेल, तिथली भिंत कशी सारवलेली असेल, हे ज्याच्या हाताला ठाऊक होतं तो माणूस त्या मातीतलाच होता. त्यात नवल कसलं?

2003 च्या जानेवारीत याच आवारातल्या नायट्रेट फिल्म्सच्या कोठारांना आग लागली आणि हजारो रिळं जळाली. पुण्याच्या सिनेमाचा इतिहास लिहायचा तर ही राखही जमेत धरावी लागते.

हाताच्या कार्टूनचा पुढचा धागा मुंबईत आहे. 1956 मध्ये फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग सुरू झाला. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स तिथे शिकवायला आले आणि राम मोहन यांच्यासारखे तरुण तयार झाले. त्याच विभागात पार्श्वभूमीची चित्रं रंगवत भीमसैन पुढे आले. त्यांचा जन्म मुलतानचा, फाळणीनंतर घर सोडून लखनौला आलेलं कुटुंब. 1974 मध्ये विजया मुळे यांनी 'एक अनेक और एकता' दिग्दर्शित केली, तिची चित्रं याच भीमसैन यांची. संगीत वसंत देसाईंचं, जे 'प्रभात'मध्येच उमेदवारी करून मोठे झाले. दूरदर्शनवर दोन कार्यक्रमांच्या मधे ती लागायची आणि घरातली कामं थांबायची. फिल्ममधल्या दीदीला आम्ही भावंडं आपा म्हणायचो.

गोष्ट साधी. पाखरं जाळ्यात अडकतात, सगळी मिळून जाळं घेऊन उडतात आणि उंदीर मित्र जाळं कुरतडून देतात. आमच्या नात्यातल्या एकांनी ती बघून शेरा मारला होता, "पंचतंत्र आहे, त्यांचं." पंचतंत्रातली आहे हे खरं, चित्रग्रीव कबुतर आणि हिरण्यक उंदीर. पण सहाव्या शतकात ती इराणात पहलवी भाषेत गेली, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ती अरबीत आणली. 'कलीला व दिम्ना' या त्या ग्रंथात गळ्यात कंठ असलेल्या या कबुतरीचं वेगळं प्रकरणच आहे. बसऱ्याच्या 'इख्वान अस-सफा' या विचारवंतांच्या मंडळाने आपलं नाव याच प्रकरणातून घेतलं, असं अभ्यासक मानतात. पुढे ती फारसीत आली आणि अकबराच्या दरबारात अबुल फज्लने तिचं नवं रूप लिहिलं. बगदादपासून आग्ऱ्यापर्यंत चित्रकार ही जनावरं हाताने रंगवत राहिले. कलीला आणि दिम्ना हे मूळचे करटक आणि दमनक, दोघेही कोल्हे. आपल्या जंबूकाकांचे लांबचे चुलतेच म्हणा ना! आता ही गोष्ट कुणाच्या नावावर चढवायची? मुलतानहून उखडलेल्या माणसाने ती पुन्हा काढली तेव्हा जाळं म्हणजे काय, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नसणार.

राम मोहन यांनी नव्वदच्या दशकात युनिसेफसाठी 'मीना' केली, तिच्यावर वेगळं लिहायला हवं. मीना, भाऊ राजू आणि मिठू पोपट. नाव आणि कपडे मुद्दामच असे निवडले, की दक्षिण आशियातल्या कुठल्याही घरात चालावेत. एका भागात आंब्याची मोठी फोड राजूला मिळते, कारण तो मुलगा. मग दोघं एक दिवस कामांची अदलाबदल करतात आणि राजूची दमछाक होते. दुसऱ्या भागात मीनाला शाळेत पाठवत नाहीत, तर मिठू शाळेच्या खिडकीशी बसून ऐकतो आणि घरी येऊन तिला आकडे शिकवतो. ती कोंबड्या मोजते, एक कमी भरते आणि चोर सापडतो. मुलींच्या शिक्षणावरची आपल्या जलशांमधली भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत. त्यातल्या एकानेही इतकं काम केलेलं मला माहीत नाही.

परवा भाचीला मोबाईलवर हा भाग दाखवला. तिने विचारलं, "मामू, मीना हिंदू की मुसलमान?" मी म्हटलं, तुला काय वाटतं? ती थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तिच्या आईने आंबा सारखा कापला का शेवटी?"